चौघींचे साडेएकोणपन्नास सेकंद

मे १९५४ मध्ये फिलिपाइन्सची राजधानी मनिला इथे दुसऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. १ ते ९ मे असे नऊ दिवस त्या चालल्या आणि भारताच्या वाट्याला पाच सुवर्णपदकं आली, पाचही ॲथलेटिक्समधली. परदुमनसिंग यांनी गोळाफेक आणि थाळीफेक जिंकली, अजितसिंग यांनी उंच उडी, सरवानसिंग यांनी ११० मीटर अडथळ्यांची शर्यत. ही चार पदकं तीन पुरुषांची. पाचवं पदक चार मुलींचं होतं. ख्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. चार गुणिले शंभर मीटर रिले, वेळ ४९.५ सेकंद. आशियाई स्पर्धांत भारतीय स्त्रियांनी मिळवलेलं हे पहिलं सुवर्णपदक.

या पदकाची गोष्ट मला परभणीच्या वाचकाला सांगायची आहे, कारण तिच्यात आपल्या जिल्ह्याचा एक प्रश्न दडलेला आहे. त्या चौघींपैकी परभणीची कुणी नव्हती. तेव्हा असणं शक्यही नव्हतं. ते शक्य का नव्हतं आणि आज सत्तर वर्षांनंतरही अवघड का आहे, हे रिलेच्या इतिहासातून जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं दुसऱ्या कुठल्या शर्यतीतून दिसत नाही.

मनिलातलं एक चित्र आधी नीट पाहू. मुलींच्या शंभर मीटरचं सुवर्ण जपानच्या अत्सुको नांबूनं नेलं आणि दोनशेचंही जपानकडेच गेलं. म्हणजे एकेकटीनं धावायचं तेव्हा आशियात सगळ्यात वेगवान मुलगी भारताची नव्हती. चौघी एकामागून एक धावल्या तेव्हा मात्र भारत पहिला आला. रिले ही चार वेगांची नुसती बेरीज असती तर हे घडलं नसतं.

४×१०० मध्ये बॅटन देणारी मुलगी पूर्ण वेगात येत असते आणि घेणारी तिच्याकडे न बघता पळायला लागलेली असते. मागची मुलगी जमिनीवरच्या एका खुणेवर आली की पुढची सुटते. मग एक हाक येते, हात मागे जातो आणि बॅटन त्या हातात पडते. डोळ्यांनी बघून घ्यायला वेळच नसतो. आज या देवाणघेवाणीसाठी ३० मीटरची जागा मिळते. हा नियम २०१७ च्या अखेरीस आला. १९५४ साली मिळायचे फक्त २० मीटर, आणि त्याआधी वेग पकडायला आजच्यासारखी मोकळीक नव्हती. वीस मीटरांत बॅटन हातात आली नाही की संघ बाद. घेणारी थोडी आधी सुटली तर मागची तिला गाठू शकत नाही, उशिरा सुटली तर दोघी एकमेकींवर आदळतात. मागची किती वेगानं येते, दमल्यावर तिचं पाऊल किती आखडतं, तिचा हात किती उंचीवर येतो, हे सगळं पुढचीच्या अंगात मुरलेलं असावं लागतं, आणि ते शेकडो वेळा एकत्र पळल्याशिवाय मुरत नाही.

थोरामोठ्यांनाही हे जमलेलं नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मन मुलींनी प्राथमिक फेरीत विश्वविक्रम केला आणि अंतिम शर्यतीत खूप पुढे असताना शेवटच्या बदलाला इल्झे डॉर्फेल्टच्या हातून बॅटन खाली पडली. १९५२ साली हेलसिंकीत ऑस्ट्रेलियाचं तेच झालं. त्यांनीही प्राथमिक फेरीत विश्वविक्रम केला होता. शेवटची धावपटू मार्जोरी जॅक्सन ही शंभर आणि दोनशे मीटरची ऑलिंपिक विजेती. बॅटन तिच्या हातात आली, पण तो हात देणाऱ्या विन्सम क्रिप्सच्या गुडघ्याला लागला आणि बॅटन जमिनीवर गेली. दोन्ही वेळा सुवर्ण अमेरिकेला मिळालं.

तर मग १९५४ साली भारताकडे एकमेकींना ओळखणाऱ्या वेगवान मुली आल्या कुठून? याचं उत्तर बरंचसं मुंबई-पुण्यात आहे.

तीन वर्षं मागे जाऊ. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती. ११ देश आले होते. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी पुरुषांची शंभर आणि दोनशे मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. मुलींच्या शंभर मीटरमध्ये मुंबईची रोशन मिस्त्री दुसरी आली. दोनशे मीटरमध्ये वांद्र्याच्या मेरी डिसूझाला कांस्यपदक मिळालं. रिलेत रोशन मिस्त्री, मेरी डिसूझा, पॅट मेंडोंसा आणि बानू गझदर धावल्या आणि जपानच्या मागे दुसऱ्या आल्या.

ही नावं वाचली की त्या काळच्या मुंबईतल्या दोन समाजांची वस्ती डोळ्यांपुढे येते, पारशी आणि कॅथलिक. यात योगायोग नाही. या दोन्ही घरांत मुलीनं मैदानावर जाणं, चारचौघांत आखूड कपड्यांत पळणं ही गोष्ट इतर घरांपेक्षा आधी पचली होती. कॉन्व्हेंट शाळांत दरवर्षी क्रीडादिन व्हायचा आणि त्यात मुलींच्या शर्यती असायच्या. मरीन लाइन्सला समुद्रालगत समाजांच्या जिमखान्यांची मैदानं ओळीनं होती, त्यांत पारशांचा आणि कॅथलिकांचा जिमखाना होता. हॉकी होती. मेरी आणि स्टेफी या दोघीही पुढे भारताकडून हॉकी खेळल्या. मेरी १९५३ साली इंग्लंडमधल्या फोकस्टनला गेलेल्या भारतीय महिला हॉकी संघात होती. संध्याकाळी त्याच मैदानावर त्याच मुली भेटत. रिलेला लागणारी ओळख तिथे आपोआप होत होती.

घरचा विरोध तिथेही होताच आणि पैशाची चणचण तर फारच. मेरी डिसूझाची १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली तेव्हा जायला पैसे नव्हते. तिच्या मित्रमंडळींनी नाचाची संध्याकाळ आणि पत्त्यांचे डाव ठेवून रक्कम गोळा केली. त्याच ऑलिंपिकला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले, ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या पैशांवर. खाशाबांची ती कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे आणि असायलाच हवी. मेरीची कथा तिच्या शेजारी ठेवली जात नाही याचं मला वाईट वाटतं. एकीकडे साताऱ्याचा शेतकरी घरातला पैलवान, दुसरीकडे वांद्र्याची कॅथलिक मुलगी. दोघांनाही शेजारपाजाऱ्यांनीच परदेशी धाडलं. हेलसिंकीत मेरी शंभर आणि दोनशे मीटर धावली, बंगालची सतरा वर्षांची नीलिमा घोष शंभर मीटर आणि अडथळ्यांची शर्यत. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उतरलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. दोघीच गेल्या असल्यामुळे रिलेचा प्रश्नच नव्हता. चौघींच्या तिकिटाचे पैसे कुणाकडे होते?

मनिलाला चौघी गेल्या. पुण्याची स्टेफी डिसूझा तेव्हा सतरा वर्षांची होती. आज ॲथलेटिक्समध्ये वीस वर्षांखालील खेळाडूंना कनिष्ठ गटात धरतात, म्हणजे आशियाई सुवर्ण जिंकणारी स्टेफी आजच्या हिशेबानं कनिष्ठ गटातली मुलगी. पण १९५४ साली असा जागतिक गट अस्तित्वातच नव्हता. सतरा वर्षांच्या मुलीनं थेट मोठ्यांत धावायचं, आणि ती धावली.

४९.५ सेकंद ही वेळ जगाच्या मानानं कुठे होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्त्रियांची ४×१०० रिले ऑलिंपिकमध्ये १९२८ साली ॲमस्टरडॅमला आली आणि कॅनडानं ती ४८.४ सेकंदांत जिंकली. १९५२ ला अमेरिकेनं ४५.९ सेकंद घेतले. म्हणजे मनिलातल्या आपल्या मुली सव्वीस वर्षांपूर्वीच्या कॅनडापेक्षाही सेकंदभर मागे होत्या. मला यात कमीपणा दिसत नाही. स्त्रियांसाठी ना वेगळे प्रशिक्षक, ना नोकरी, ना शिबिरांची घडी बसलेली. अशा काळात प्रत्येकी सरासरी साडेबारा सेकंदांच्या आत शंभर मीटर आणि तीन बिनचूक बदल ही फार मोठी मजल होती.

याच वर्षांत परभणी कुठे होतं? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शाळेच्या वरच्या इयत्ता उर्दूतून शिकाव्या लागत. सेलूचं नूतन विद्यालय, अंबाजोगाईचं योगेश्वरी यांसारख्या शाळांनी मराठी शिक्षणाचा दिवा खासगी कष्टांवर जपला होता. दिल्लीत रोशन मिस्त्री धावली तेव्हा पोलीस कारवाईला अडीच वर्षं झाली होती. मनिलाच्या वेळी परभणी अजून हैदराबाद राज्यातच होतं. मुंबई राज्यात ते १ नोव्हेंबर १९५६ ला आलं. मुलगी शाळेत जाते की नाही हाच जिथे प्रश्न, तिथे तिच्या धावण्याचं मैदान कोण आखणार?

तरीही धावणं मराठी मुलखात होतंच, मात्र ते वेगळ्या जातीचं होतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ मधल्या मैदानी स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवायची खटपट सुरू केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९२० मध्ये अँटवर्पला फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉन धावले. चौगुले १९ वे आले, सुमारे २ तास ५० मिनिटांत. त्या पोरांची तयारी कुठे झाली होती, तर गाडीवाटेवर, माळावर आणि शेताच्या बांधावर. लांब पल्ल्याला आखलेली लेन लागत नाही, सोबती लागत नाही, बॅटन लागत नाही. रस्ता लागतो, आणि रस्ता फुकट असतो.

परभणीचं नाव भारतीय ॲथलेटिक्समध्ये घेतलं जातं ते याच वाटेनं. परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, त्यांनाही सुमारे २ तास ५० मिनिटं लागली. चौगुल्यांच्या वेळेशी ही वेळ इतकी जवळ यावी याचं मला फार अप्रूप वाटतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकपर्यंत पोचला. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत लांब पल्ल्यात आशियाई पदकं घेऊन आली. कोरडवाहू आणि डोंगराळ मुलखातून येणारे आपले धावपटू बहुतेक लांब पल्ल्याचे असतात. लोक याला चिकाटी म्हणतात, काटकपणा म्हणतात. ते खरं आहेच, पण मला दुसरं कारण जास्त पटतं. ज्या खेळाला सोय लागत नाही त्याच खेळात सोय नसलेल्या जिल्ह्याची माणसं दिसतात.

मनिलानंतर काय झालं ते पाहिलं की याला जोरच मिळतो. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत स्टेफी डिसूझानं दोनशे मीटरमध्ये रौप्य मिळवलं, पण रिलेत भारत तिसरा आला. १९६३ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ॲथलेटिक्ससाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चारशे मीटर धावली. आशियाई स्पर्धांत एकटीनं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री मिळायला १९७० साल उजाडलं. बँकॉकला कमलजीत संधूनं चारशे मीटर जिंकली. आणि ४×१०० रिलेचं सुवर्ण? आशियाई क्रीडा स्पर्धांत ते भारतीय मुलींना १९५४ नंतर पुन्हा मिळालेलं नाही. १९९८ साली फुकुओकाला आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत सरस्वती साहा, पी. टी. उषा, ई. बी. शैला आणि रचिता मिस्त्री यांनी ४४.४३ सेकंदांत सुवर्ण आणलं, तो एक लखलखीत अपवाद.

याउलट ४×४०० मीटर रिले घ्या. आशियाई क्रीडा स्पर्धांत भारतीय मुलींनी ती २००२ पासून २०१८ पर्यंत सलग पाच वेळा जिंकली. २०१३ मध्ये पुण्याला बालेवाडीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथेही तेच सुवर्ण भारताचं. २०२३ मध्ये हांगझोला रौप्य मिळालं, त्या संघात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. एकाच देशाच्या मुली एका रिलेत वर्षानुवर्षं आशियात अव्वल आणि दुसरीत क्वचित, हे कसं? ४×४०० मध्ये बॅटन घेणारी मागे बघून, मान वळवून, दमून येणाऱ्या सोबतिणीच्या हातातून ती घेते. तिथे बदलातला अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी चारशे मीटरच्या दमात तो भरून निघतो. वेगवेगळ्या राज्यांतून उचललेल्या चार दमदार मुली शिबिरात काही महिने ठेवल्या तरी संघ उभा राहतो. ४×१०० मध्ये तसं होत नाही. तिथे लहानपणापासूनचा सहवास मोजला जातो.

कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा १९८६ साली अथेन्सला सुरू झाली. या स्पर्धेतल्या मुलींच्या ४×१०० रिलेनं अलीकडे जगाला जे दाखवलं ते परभणीच्या शिक्षकांनी, पालकांनी मुद्दाम पाहावं असं आहे. २०२१ मध्ये नैरोबीला जमैकाच्या सेरेना कोल, टीना क्लेटन, केरिका हिल आणि टिया क्लेटन या मुलींनी ४२.९४ सेकंदांत शर्यत जिंकली आणि वीस वर्षांखालील मुलींचा जागतिक विक्रम केला. आधीचा विक्रम जर्मन मुलींचा होता, ४३.२७. पुढच्याच वर्षी कोलंबियात कालीला जमैकानं ४२.५९ सेकंद नोंदवले. मनिलाच्या साडेएकोणपन्नास सेकंदांशी हे आकडे ताडून बघावेत. ट्रॅक बदलला, बूट बदलले, आहार आणि सराव बदलला; पण जवळजवळ सात सेकंद नुसत्या बुटांनी कमी होत नाहीत.

टिया आणि टीना या जुळ्या बहिणी. त्या दोघी आणि सेरेना कोल, अशा चौघींपैकी तिघी एकाच शाळेच्या. एडविन ॲलन हायस्कूल. ही शाळा राजधानी किंग्स्टनमध्ये नाही. क्लॅरेंडन परगण्यातल्या फ्रँकफील्ड नावाच्या डोंगराळ, शेतीवाडीच्या गावात ती आहे. जमैकात शाळाशाळांची मैदानी स्पर्धा १९१० पासून भरते. मुलींची वेगळी स्पर्धा १९५७ ला सुरू झाली, १९९९ पासून मुलं-मुली एकत्र धावतात. त्या दिवसांत किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम भरून जातं, आपल्याकडे यात्रेला गाव लोटतं तसं. कुठल्या शाळेनं मुलींची रिले जिंकली यावर गावागावांत वाद होतात. जमैकाची लोकसंख्या साधारण २८ लाख. परभणी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर होती. आकाराच्या बाबतीत ही तुलना अगदी बरोबरीची नसली तरी फार दूरचीही नाही.

भारताच्या कनिष्ठ मुलींनी गेल्या काही वर्षांत काही कमी केलेलं नाही. २०१८ मध्ये फिनलंडला तांपेरेत आसामच्या धिंग गावच्या हिमा दासनं चारशे मीटरचं सुवर्ण जिंकलं, ५१.४६ सेकंदांत. नैरोबीत मिश्र ४×४०० रिलेत भरत श्रीधर, प्रिया मोहन, सुमी आणि कपिल यांनी कांस्य आणलं. कालीत भरत, प्रिया आणि कपिल यांच्यासोबत रूपल चौधरी धावली आणि रौप्य मिळालं. मेरठकडच्या शेतकरी घरातल्या रूपलनं तिथेच एकटीच्या चारशे मीटरमध्येही कांस्य घेतलं. महाराष्ट्रातून पुण्याच्या अवंतिका नराळेनं २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आशियाई युवा स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं, बारा सेकंदांच्या आत. मनिलाच्या चौघींची सरासरी आठवा. ही शाळकरी पोर त्यांच्या पुढे गेली होती. म्हणजे वेग आहे. चारशेत आहे, शंभरातही आहे. नाही ते एकाच मैदानावर वर्षानुवर्षं एकत्र वाढलेल्या चार जणी.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर इथल्या मुलींचा वेग वाया जातो असंही म्हणता येणार नाही. तो खो-खोत जातो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि संघाची कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. खो-खोत काय असतं? पाठीमागून आवाज आला की बसलेल्या जागेवरून एका क्षणात सुटायचं, न बघता. सोबतिणीचा आवाज आणि तिची चाल ओळखायची. ४×१०० ला हवं ते सगळं या खेळात आहे. हा खेळ मराठवाड्यात रुजला कारण त्याला शाळेच्या अंगणाएवढी जागा आणि दोन खांब पुरतात. आणि तो सातवी-आठवीपासून त्याच मुली त्याच बाईंच्या हाताखाली खेळत राहतात. धाराशिवला जे खो-खोत घडलं त्याचं सूत्र फ्रँकफील्डपेक्षा वेगळं नाही.

कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे डांबरी रस्त्यावर मुली पळताना दिसतात. बहुतेक जणी पोलीस भरतीची तयारी करत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते. मला या मुलींबद्दल मनापासून आदर आहे. त्यांच्या पळण्यातून घर उभं राहणार असतं. शाळेत मात्र रिलेचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत ४×१०० असतेच. मातीच्या मैदानावर फक्की मारून ट्रॅक आखतात, तोही बऱ्याचदा दोनशे मीटरचा. शंभर मीटरमध्ये पुढे आलेल्या चौघींना स्पर्धेच्या आदल्या दिवशी उभं करतात आणि रिलेचा संघ होतो. कधी लाकडाचा तुकडा बॅटन म्हणून हातात देतात. बदल उभ्याउभ्या होतात, मागे बघून. मुली जीव तोडून धावतात, एखादा संघ विभागापर्यंतही जातो, आणि पुढच्या वर्षी त्या चौघींपैकी दोघी मैदानावर नसतात.

त्या नसतात याचं कारण परभणीत उघड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचं लग्न अठरा पूर्ण होण्याच्या आत झालेलं आढळलं. कनिष्ठ गटाचं वय नेमकं हेच. टिया आणि टीना नैरोबीत जगज्जेत्या झाल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. मनिलात स्टेफी सतरा वर्षांची होती. ज्या वयात चौघी एकमेकींचा वेग ओळखायला लागतात त्याच वयात आपल्याकडे चौघींतल्या दोघींची पाठवणी होते. लांब पल्ल्याची धावपटू पंचविशीत, तिशीत उमलू शकते. ज्योती गवते यांच्यासारखी बाई पुढे येते ती अशीच. ४×१०० चा कनिष्ठ संघ मात्र अठराव्या वर्षाआधीच घडतो, नाहीतर घडतच नाही. त्यामुळे या शर्यतीत एखाद्या जिल्ह्याचं नाव येणं ही निव्वळ क्रीडाखात्याची बाब उरत नाही.

मेरी डिसूझा पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. भारत सरकारनं तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ मध्ये, मनिलाच्या सुवर्णानंतर ५९ वर्षांनी. इतका उशीर का व्हावा, हे मला समजत नाही. ख्रिस्टीन ब्राउन, व्हायलेट पीटर्स, रोशन मिस्त्री, पॅट मेंडोंसा, बानू गझदर ही नावं आपल्या शाळांच्या भिंतींवर नाहीत. ती तिथे लिहावीत, ठळक अक्षरांत, खाशाबांच्या नावाशेजारी.

आणि परभणीतल्या एखाद्या शाळेनं एक काम करून पाहावं. त्याला सिंथेटिक ट्रॅक लागत नाही, तो पुढे लागेल. खो-खोच्या संघातून आठवीतल्या सहा मुली निवडाव्यात. चौघी धावायला, दोघी राखीव. शंभर मीटर सरळ मैदान, फक्कीच्या दोन खुणा आणि एक बॅटन एवढं द्यावं. रोज वीस वेळा बदल करवून घ्यावेत, आधी चालत, मग हळू पळत, मग पूर्ण वेगात, मागे न बघता. घरच्यांना वर्षातून दोनदा मैदानावर बोलवावं, आपली मुलगी काय करते हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्यावं. आणि या सहाही जणी बारावीपर्यंत त्याच मैदानावर राहतील, एवढी हमी त्यांच्या घरांकडून पहिल्याच वर्षी घ्यावी.